मुरमाच्या वाटेवरचं गडंगनेर

"माणसाने आयुष्यात एकदा तरी अशा वाटेने जावे, जिथे त्याला ओळखणारे कोणी भेटणार नाही. तेव्हाच त्याची स्वतःशी ओळख होते," चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सायकल धरून उभे असलेले केशोराव म्हणाले. थंडीमुळे तोंडातून वाफ निघत होती, त्यामुळे वाक्याला वजनही आले होते.

"कोण, केशोभाऊ होय का गा?" पाळीखालून आवाज आला.

केशोरावांनी डोळे मिटून घेतले. ही वाट निवडण्यामागे त्यांचा हेतू काय होता, हे इथे सांगायला हवे.

प्रेरणा ही त्यांची एकुलती मुलगी. पुण्याला नोकरीला असते. गेल्याच्या गेल्या दिवाळीत ती कुडव्याला घरी आली, तेव्हा भाऊबीजेला जमलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये एकेक मुलाचा फोटो होता. कोणी ओवाळायच्या आधी दाखवला, कोणी ओवाळल्यानंतर. एका काकांनी तर ओवाळून घेता घेता दाखवला. प्रेरणा मान वळवून वडिलांकडे बघत होती आणि केशोराव बशीतला चिवडा बघत होते. चिवडा संपला तेव्हा मुलगी बॅग भरून निघाली होती. त्यानंतर ती होळीला आली नाही, पुढच्या दिवाळीलाही आली नाही. फोनवर म्हणायची, "काम आहे, बाबा." केशोरावांना तेव्हापासून चिवडा गोड लागेना.

शेवटी त्यांनीच फोन केला. "तू ये. कोणी लग्नाचं नाव काढणार नाही. माझा शब्द आहे."

प्रेरणा आली. येताना एक सायकल पिशवीत घालून घेऊन आली आणि दुसरी गोंदियातल्या एका मैत्रिणीकडून वडिलांसाठी मागून आणली. या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात आणि तिला डांबरी रस्त्यावर करमत नाही, असे तिने सांगितले. केशोरावांना हे पटायला वेळ लागला. सरपंच असताना मुरमाच्या रस्त्यांवर डांबर पडावे म्हणून त्यांनी चपला झिजवल्या होत्या. त्याच मुरमावर चालवायला लोक हौसेने महागाच्या सायकली घेतात, हे त्यांना तेव्हा कोणी सांगितले असते तर चपला तरी वाचल्या असत्या.

वाट प्रेरणाने फोनवर आखली होती. अभयारण्याच्या बाहेरबाहेरून, तलावाच्या एका पाळीवरून दुसऱ्या पाळीवर, मध्ये नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेचा रस्ता आणि सागाच्या जंगलातल्या मुरमी वाटा. "सगळं सपाट आहे बाबा, आणि माणूस दिसणार नाही," ती म्हणाली होती. माणूस दिसला नाही तर लग्नाचे नाव कोण काढणार, या विचाराने केशोराव लगेच तयार झाले.

ते एकच गोष्ट विसरले. हे तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधले होते. ज्याने तलाव बांधला, त्याने खाली गाव वसवले. त्या गावच्या मुलासाठी मुलगी बघायला तो पाळीवरून चालत पुढच्या तलावाखालच्या गावाला गेला. फोनवरच्या नकाशात निळ्या ठिपक्यांची जी माळ दिसत होती, ती सबंध माळ केशोरावांची सोयरीक होती.

तर पाळीखालून वर आला तो चुन्नीलाल. केशोरावांच्या बहिणीचा चुलतदीर. तोंडात दातून, डोक्याला दुपट्टा.

"सायकलीवर काऊन जी? गाडी बिघडली का?"

"गाडी चांगली आहे. पोरगी आली पुण्याहून. म्हटलं, असंच फिरून येऊ."

"असंच," चुन्नीलाल म्हणाला आणि त्याने दातून तोंडातून काढले. धान निघाल्यानंतरच्या दिवसांत, सकाळी सकाळी, लग्नाच्या वयाची मुलगी घेऊन कोणी असंच कुठे गेल्याचे त्याच्या पाहण्यात नव्हते. "पोट्टी मोठी झाली गा. मंग औंदा..."

पुढचा शब्द कोणता येणार, हे केशोरावांना दिसले. प्रेरणा थोड्या अंतरावर टायर दाबून बघत होती. त्यांनी चुन्नीलालचा दंड धरला, त्याला पळसाच्या झाडाआड नेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "चुन्नीभाऊ, हात जोडतो. तिच्यासमोर लग्नाचं नाव काढू नको."

चुन्नीलालचा चेहरा हळूहळू उजळला. "समजलो."

"का समजला?"

"समजलो ना गा. पक्कं होत वरी बोलाचं नाही. नजर लागते."

"तसं नाही गा..."

"बाबा, निघायचं?" प्रेरणाने हाक मारली.

खुलासा करायचा तर तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला असता, तोही मोठ्याने. केशोराव सायकलीवर बसले. तिथेच थांबायला हवे होते, असे ते आजही म्हणतात.

पुढची वाट मात्र फार सुंदर होती. धानाच्या कापल्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, लाखोरी निळी फुलली होती, सागाची वाळकी पाने चाकाखाली कुरकुरत होती आणि वानरांचा एक कळप वडीलधाऱ्यांसारखा रांगेत बसून दोघांना न्याहाळत होता. पण त्यांच्यापैकी कोणाजवळ मोबाइल नव्हता. प्रेरणा ऑफिसातल्या गमती सांगत होती. एकदा तर ती मोकळेपणी हसली. मग मागे न बघता म्हणाली, "असं असेल ना बाबा, तर दिवाळीला येते मी."

केशोरावांना पुढचे काही ऐकू आले नाही. ते मनातल्या मनात फराळाला लागले होते.

पुढच्या तलावाच्या पाळीवर धुरपताबाई उभी होती. केशोरावांची थोरली बहीण. हातात कुंकवाचे ताट.

"दारावरून जाऊन राहिले, अन् घरी न येता? चाला."

घरी अंगणात ताजा सडा पडला होता. पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी होती आणि समोर ताटात लाखोरीच्या डाळीचे वडे, पुऱ्या आणि तांदळाची खीर. प्रेरणाला पूर्वेकडे तोंड करून बसवले.

"आत्या, एवढं कशाला?"

"काही नाही माय. तू खा," धुरपताबाई म्हणाली आणि पदराने डोळे टिपून आत गेली.

लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाईक घरी बोलावून जेवू घालतात, त्याला इकडे गडंगनेर म्हणतात. पुण्याकडे केळवण म्हणतात. केशोरावांनी पाट पाहिला, रांगोळी पाहिली आणि ते बहिणीमागे चुलीजवळ गेले.

"बाई, हे का लावलं तू?"

"मी का लावलं? एक शब्द तरी बोलली का मी? चुन्नीनं सांगतलं बोलाचं नाही, नाही बोलली."

"अवं, पण तसं काही नाही."

"मी कोठी म्हटलं तसं काही हाये? तू वडा खा."

जे कोणी म्हणतच नाही, ते खोटे आहे असे सांगायचे कसे, हा पेच केशोरावांना सरपंचपदाच्या काळातही कधी पडला नव्हता.

पुढच्या गावात रस्ता अडवलेला होता. आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरसमोर दुधराम उभा होता. हा केशोरावांचा साळा, म्हणजे प्रेरणाचा सख्खा मामा. तोंड उतरलेले.

"जिजाजी, मान मामाचा पहिला. अन् आत्याच्या घरी जेवून आले तुमी?"

"कायचा मान, दुधराम?"

दुधरामने प्रेरणाकडे पाहिले, ओठ दाबले आणि म्हणाला, "वड्याचा."

मामाच्या घरी वड्यांसोबत पुरणपोळी होती. पुरणपोळीनंतर साडी आली. जरीकाठी, लाल.

"मामा, साडी कशाला?"

"थंडी हाये ना, बाई."

केशोरावांनी दुधरामला गोठ्यात गाठले. "दुधराम, तुले जे वाटून राहिलं, ते नाही."

"मले काहीच वाटत नाही, जिजाजी." त्याने आजूबाजूला पाहिले. गाईखेरीज कोणी नव्हते. "फकत कानात सांगा. पार्टी नागपूरची का भिलाईची?"

"कोणी पार्टी नाही."

"बरं, नाही." दुधरामने समजूतदारपणे मान हलवली. "येवढं लपवून राहिले म्हणजे मोठी पार्टी दिसते."

यानंतर प्रत्येक पाळीवर कोणी ना कोणी उभे होते. सायकली निघायच्या, सागाच्या सावलीतून थोडे अंतर जायच्या आणि पुढच्या पाटावर थांबायच्या. एका घरी वांग्या-पोपटीची, म्हणजे वांगी आणि वालाच्या शेंगांची, भाजी खास दोघांसाठी केली होती. दुसऱ्या घरी, उशीर झाला म्हणून जेवणाऐवजी नुसते जेवल्यासारखे करा, असा आग्रह झाला आणि त्यात चार पुऱ्या गेल्या. वाट पहिल्याइतकीच सपाट होती, पण केशोरावांना ती चढाची वाटू लागली. प्रेरणा आता ऑफिसातल्या गमती सांगत नव्हती. केशोराव तिच्या पाठीकडे बघत पायडल मारत होते. त्यांना ती भाऊबीज आठवत होती आणि प्रत्येक पुरीबरोबर दिवाळी एकेक पाऊल मागे सरकताना दिसत होती.

शेवटच्या गावच्या बाया थेट जंगलाच्या तोंडाशी आल्या होत्या. जी सर्वांत म्हातारी होती, तिच्या हातात तांदूळ आणि नारळ.

"पदर पुढं कर, माय."

प्रेरणाच्या अंगात सायकलीचे घट्ट कपडे होते. म्हातारीने तिला खालून वर पाहिले, काही न बोलता तिच्या डोक्यावरचे हेल्मेट काढले, उलटे धरले आणि त्यात ओटी भरली. बायांनी पदर तोंडाला लावले. लग्नाचे नाव कोणी काढले नाही. प्रेरणाने नारळ आणि तांदूळ सायकलीला लावलेल्या पिशवीत ओतले, हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातले आणि म्हातारीच्या पाया पडली.

जंगलाच्या पलीकडे आणखी एक तलाव होता. खाली गाव नव्हते. पाळीवर खरोखरच कोणी नव्हते. प्रेरणाने सायकल आडवी केली आणि ती दगडावर बसली.

"बाबा, तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"काही नाही."

"बाबा. कुमारी मुलीची ओटी कोणी भरत नाही, एवढं मलाही कळतं."

केशोराव खाली बघत म्हणाले, "चुन्नीलालले म्हटलं, तिच्यासमोर लग्नाचं नाव काढू नको. एवढंच."

दिवसभरात ते नाव दोनदाच निघाले होते आणि दोन्ही वेळा केशोरावांनीच काढले होते.

पाण्यावर दूर बदके तरंगत होती. केशोराव तिच्या शेजारी बसले. पोट भरलेले असल्यामुळे त्यांना वाकता येत नव्हते, त्यामुळे ते थोडे तिरपे बसले.

"त्या दिवाळीत बोलायचं होतं, तर मी चूप बसलो," ते म्हणाले. "अन् आज चूप बसायचं होतं, तर बोललो. मले दोन्ही जमलं नाही, बेटा. तू एवढ्या लांबून सायकल घेऊन आली. मी तुले एक सकाळ नाही देऊ शकलो. उद्या मी एकटा जातो. याच वाटेनं. घरोघरी सांगतो, माझी चूक झाली, पोरगी तिच्या मनानं राहील, कोणी विचारायचं नाही. साडी वापस करतो. पण तू दिवाळीले येणार नाही, हे मले दिसून राहिलं. मी तुले दोष देत नाही. फक्त एक सांग, कधीतरी..."

प्रेरणा उठली. त्यांच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने हनुवटी वर केली, लहानपणी शाळेत जाताना फ्रॉकचे वरचे बटण लावून घ्यायला करायची तशी.

"बाबा, ते सगळं नंतर. आधी हा हेल्मेटचा पट्टा सोडवून द्या. हुकात तांदूळ अडकलेत."