हुंगकाकांची तोफ

तैपेईच्या वनस्पती बागेत पक्ष्यांचे फोटो काढायला जमणाऱ्या मंडळींच्या जागा कुणी ठरवून दिल्या नव्हत्या, पण त्या ठरलेल्या होत्या. ज्याची तोफ सगळ्यांत लांब, तो मधोमध. तोफ म्हणजे कॅमेऱ्याला लावायचं ते हातभर लांबीचं भिंग. त्याहून कमी लांबीची माणसं दोन्ही बाजूंना, आणि ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे ती अगदी कडेला, डासांच्या शेजारी. मधल्या स्टुलावर डॉक्टर क्वो बसत. ते दातांचे निवृत्त डॉक्टर होते, आणि आपल्या तोफेच्या पैशांत एक चांगली मोटार आली असती, हे ते स्वतःच सांगत.

हुंगकाकांना पहिल्या दिवशी डासांच्या शेजारीसुद्धा जागा मिळाली नाही.

काका जन्मभर शहर बस चालवून निवृत्त झालेले. भिंग घ्यायचं म्हणून त्यांनी उत्तर वेशीजवळच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत चपला झिजवल्या होत्या. काकूंनी ठरवून दिलेल्या रकमेत दोनच वस्तू बसत होत्या. एक लांब भिंग, ज्याच्या आत बुरशीने संसार थाटला होता, आणि एक बोटभर लांबीचं, पण लख्ख.

"लांबचं घ्याल तर पक्षी मोठा दिसेल, पण धुक्यात," दुकानदार म्हणाला. "छोट्यातून सगळं स्वच्छ दिसेल, फक्त पक्षी कुठे आहे ते शोधावं लागेल."

बस चालवलेल्या माणसाला धुरकट काच सहन होत नाही. काकांनी छोटं घेतलं. ते बघून बागेतल्या थांगताई अगदी मायेने म्हणाल्या, "दादा, कमळांचे फोटो काढणारे तिकडे बसतात, तळ्यावर." यात त्यांना काही टोचायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचलं.

घरी येताना काका हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि पावसाचं पाणी उतरवायचा एक जाडजूड करडा पाइप घेऊन बाहेर पडले. वीतभर तुकडा कापून टाकला, उरलेला पाइप लाकडी पाचरी मारून छोट्या भिंगाभोवती घट्ट बसवला आणि लांबून बघितला. तोफ झाली होती. फक्त तिला कपडे नव्हते.

"शिया, झाडाच्या सालीसारखं दिसणारं कापड आहे का गं?"

काकूंनी शिवणयंत्रावरून मान वर केली. "नळ गळतोय का?"

"भिंग आहे ते."

"आ-छाय," काकूंनी त्यांना नावाने हाक मारली, "तो पाइप आहे."

"बाहेरून पाइप आहे. आतून भिंग आहे."

काकूंनी जास्त चौकशी केली नाही. कापड बेतलं, अंगरखा शिवला आणि पाइपच्या तोंडाशी कापडाची कड आत वळवून तिथेही बारीक टीप मारली.

"आत कशाला? आत कोण बघणार आहे?"

"न बघू दे. म्हणून काय वाकडं शिवायचं?"

पुढच्या रविवारी बागेत सगळ्या माना वळल्या. डॉक्टर क्वोंनी आपली तोफ बघितली, हुंगकाकांची बघितली आणि स्टूल बाजूला सरकवलं. "या, हुंगदादा. मधे या. कुठल्या कंपनीचं?"

"बनवून घेतलंय," काका म्हणाले. हे खरं होतं.

"अंगरखा तर फारच सुरेख. परदेशातून?"

"नाही, इथेच. ओळखीत आहे एक बाई." हेही खरंच होतं.

काकांना खोटं बोलता येत नसे, म्हणून ते कमी बोलू लागले, आणि कमी बोलणारा माणूस जाणकार समजला जातो. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो दाखवा म्हटलं की ते म्हणत, "घरी बघतो निवांत." मंडळींनी मान डोलावली. जुन्या फिल्मच्या काळातला माणूस, उतावळेपणा नाही. मग लोक सल्ला विचारू लागले. थांगताईंना नवी तोफ घ्यायची होती. काकांना काकूंचं घरचं वाक्य तेवढं पाठ होतं, ते त्यांनी जसंच्या तसं म्हटलं, "आहे ते आधी नीट वापरा." थांगताईंनी खरेदी रद्द केली, थांगताईंच्या यजमानांनी काकांना चहाचा डबा पाठवला, आणि काकांचं नाव पार तळ्यापलीकडच्या कमळवाल्यांपर्यंत गेलं.

काकांनाही ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला सांगा. दर रविवारी ते मधल्या स्टुलावर बसत आणि पाठ ताठ ठेवत. घरी आल्यावर मात्र निवांत बघितलेल्या फोटोत वाळलेलं खोड दात कोरायच्या काडीएवढं दिसे आणि पक्षी तिळाएवढा.

त्या खोडाच्या ढोलीत पंचरंगी तांबटाची जोडी पिल्लं वाढवत होती. देवळात भिक्षू लाकडावर टोले देतात तसा त्यांचा टोक-टोक आवाज दिवसभर चाले. दोन पिल्लं उडून गेली होती, शेवटचं एक राहिलं होतं. त्याच्या पहिल्या उड्डाणाचे फोटो वॉर्डाच्या सभागृहात लावायचे ठरले, प्रत्येकाचा एक.

"समोरची मधली भिंत हुंगदादांची," डॉक्टर क्वोंनी जाहीर केलं. "मी काल जागा मोजून आलो. बाकीच्यांनी आजूबाजूला लावा."

पूर्ण भिंतीवर एक तीळ. सभागृहात सगळा वॉर्ड येणार, त्यात बसवर त्यांच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हरसुद्धा. रविवारी सकाळी ते अंथरुणातूनच म्हणाले, "पोट दुखतंय."

"मग मी जाते तोफ घेऊन," काकू म्हणाल्या. "आपण शिवलेलं बाहेर कसं दिसतं, ते मला बघायचंच आहे."

काकांचं पोट दुखायचं ताबडतोब थांबलं.

काकूंनी सगळ्यांसाठी पानात बांधलेला भात नेला. मंडळी खात होती तेवढ्यात ढोलीतून चिमुकलं डोकं बाहेर आलं. हातातली पानं खाली पडली. आईबाप समोरच्या फांदीवरून हाका मारू लागले. पिल्लू बाहेर आलं, घसरलं, जेमतेम पंख फडफडवत आईच्या दिशेने निघालं आणि ते काही जमेना म्हणून खाली खाली येऊ लागलं. परत घरी जावं असं त्याच्या मनात आलं असणार. समोर सालीच्या रंगाचं काहीतरी आडवं होतं आणि त्याला एक गोल, काळोखी ढोली होती. पिल्लू सरळ हुंगकाकांच्या तोफेच्या तोंडावर येऊन बसलं आणि आत डोकावलं.

सगळ्या तोफा वळल्या.

"फोकस लागत नाहीये," डॉक्टर क्वो कुजबुजले. "फार जवळ आहे. मागे व्हा."

"कुठे मागे होऊ, मागे तुमच्याच कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय आहे," थांगताई दातओठ खात म्हणाल्या.

मोटारीच्या किमतीच्या त्या भिंगांना हातभर अंतरावरचं काही दिसत नाही. मागे सरकताना दोन स्टुलं उलटली, कुणीतरी भातावर बसलं. हुंगकाकांचा डोळा मात्र कॅमेऱ्याला होता आणि त्यात जन्मात पहिल्यांदा तीळ नव्हता. पाइपच्या गोल चौकटीत निळं, पिवळं, लाल असं एक आख्खं तोंड त्यांच्याकडे बघत होतं. पाइप आतून रंगवायचा राहून गेला होता, त्यामुळे सकाळचं ऊन त्या करड्या भिंतींवरून उसळून पिल्लाच्या चेहऱ्यावर पडलं होतं. काकांनी बटण दाबलं. एकदाच. कारण दुसऱ्या क्षणी पिल्लू आत शिरलं.

आत शिरलं ते फिरता येईना. पंख घासल्याचा आवाज आला, मग बारीक ओरडणं. फांदीवरची आई वेडीपिशी झाली. पाइप भिंगावरून उतरवल्याशिवाय ते सुटणार नव्हतं. काकांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मधलं स्टूल, चहाचा डबा, दादा, जाणकार, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग त्यांनी पाचरी ओढून काढल्या, तोफ कॅमेऱ्यावरून उपसली आणि दोन्ही हातांत तान्ह्या बाळासारखी धरून खोडाकडे चालू लागले.

मागे तिपाईवर बोटभर भिंग उरलं होतं.

काकांनी पाइपचं तोंड खालच्या फांदीला टेकवून मागची बाजू हळूच उचलली. पिल्लू घसरत बाहेर आलं, फांदीवर बसलं, अंग झाडलं आणि या वेळी नीट उडून आईशेजारी जाऊन बसलं. काका रिकामा पाइप घेऊन परत आले. पाठ अजून ताठ होती, कान मात्र लाल झाले होते.

"हुंगदादा," डॉक्टर क्वो म्हणाले, "पक्षी तोंडावर बसला तेव्हा तुम्हाला फोटो मिळाला का, एवढंच सांगा."

काकांनी त्या दिवशी प्रथमच कॅमेऱ्यामागचा पडदा दाखवला. मंडळी एकावर एक वाकली. डॉक्टर क्वोंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "भिंत तुमचीच."

सभागृहात मधल्या भिंतीवर फक्त तो एक फोटो लागला. काका त्याच्या डाव्या बाजूला इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. सगळा वॉर्ड आला, बसचे ड्रायव्हर आले आणि "आमचे गुरू" म्हणून काकांशेजारी उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. काकांची छाती सदऱ्यात मावत नव्हती. डॉक्टर क्वो तेवढे फोटोच्या अगदी जवळ जाऊन बघत होते. दात तपासायची सवय जात नाही.

"हुंगदादा, राग मानू नका," ते हळूच म्हणाले. "फोकस जरा चुकलाय. पिल्लाचा डोळा किंचित पुसट आलाय. सगळ्यांत स्वच्छ काय आलंय, तर ही अलीकडची गोल कड. कापडाची."

काकांचा चेहरा पडला. फोटोच्या उजव्या बाजूला काकू उभ्या होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांना खांद्याला धरून बाजूला केलं, कारण मागे रांग लागली होती, आणि पुढच्या माणसाला त्या कडेवर बोट ठेवून दाखवलं.

"पक्षी थोडा हललाय," काकू म्हणाल्या, "पण टीप बघा."