गायधनीकाका आणि बंदुकीचा सायलेन्सर

गायधनीकाकांच्या घरी चहा वॉशिंग मशीनवर मिळतो. मशीन खोक्यातच आहे. खोक्यावर निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, त्यावर ट्रे आणि ट्रेमध्ये कप. कतारमध्ये व्हॅट लागू होणार अशी आवई उठली, तेव्हा काकांनी कर बसायच्या आत म्हणून ते धावतपळत आणलं. व्हॅट अजून आलेला नाही. जुनं मशीनही बंद पडलेलं नाही. फक्त कपडे पिळताना ते स्वयंपाकघरातून हॉलकडे चालत येतं.

अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत काका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे नाशिकचे. दोह्याच्या बंदरावर आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका कंपनीत त्यांचा जन्म गेला. त्यामुळे वस्तू दिसली की तिचा उपयोग काय हे नंतर, आधी तिच्यावर ड्यूटी किती हे त्यांच्या डोक्यात येतं. पगारावर कर नाही म्हणून आम्ही सगळे या देशात आलो आणि इथे बसून हा माणूस जगभरच्या करांचा अभ्यास करतो. माहेरी येऊन सासूची आठवण काढावी, तसं!

"थांब रे, नियम बदलतोय," हे त्यांचं पालुपद. भारतात न्यायला टीव्ही घ्यायचाय? थांब, बजेट होऊ दे. एकदा बायकोच्या बांगड्यांसाठी मी त्यांचं ऐकून थांबलो. ड्यूटी उतरली, पण तोवर सोनंच चढलं. तक्रार केली तर म्हणाले, "मी ड्यूटीचं बोललो होतो. सोन्याचं कुठे बोललो?"

तर असे हे काका एका शनिवारी संध्याकाळी मला म्हणाले, "अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा कर जाणार, कळलं का?"

झुरळ दिसलं तरी मला हाक मारणारा हा माणूस! मी विचारलं, "तुम्हाला कशाला हवाय?"

"मला नाही रे. मंदारला."

मंदार हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दोह्यातच वाढला, टेक्सासला शिकायला गेला आणि तिकडचाच नागरिक झाला. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन नेमबाजी करतो. त्याने बंदूक घेतली तेव्हा काका कितीतरी दिवस घुश्शात होते. पण बंदुकीच्या तोंडाला बसवायची एक नळी असते आणि तिने आवाज कमी होतो हे कळल्यावर ते जरा निवळले.

"दिवाळीला नाशिकला गेलो की लवंगी वाजली तरी हा पलंगाखाली," ते म्हणाले. "कानाला जपतोय ना? घेऊ दे. पण आत्ता नाही."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. मला खरंच उत्सुकता वाटायला लागली होती. या नळीवर दोनशे डॉलर कर. काकांच्या आजोबांच्या काळात बसवला, तेव्हापासून तो दोनशेच! "न वाढणारा कर बघितलायस कधी?" हे सांगताना त्यांच्या आवाजात देवळात शिरल्यासारखा भाव होता. तर तो कर आता नव्या वर्षापासून शून्य. म्हणजे जुन्या वर्षात कोण घेणार? दुकानदारांचा माल पडून. म्हणून तेच आता म्हणतात की आजच घ्या, कर आम्ही भरतो.

"मग आत्ताच घेऊ दे की," मी म्हटलं.

"अरे, पडून राहिलेल्या मालाचा भाव अजून उतरतो. थांब जरा."

नवं वर्ष आलं. कर गेला. मी पेढे खायच्या तयारीने गेलो, तर काका म्हणाले, "आता तर मुळीच नाही. अख्खी अमेरिका दुकानात उभी आहे. कर गेला तरी परवानगीचे कागद आहेतच, त्यांची रांग केवढी लागली असेल! आणि एक ध्यानात ठेव, कर सरकार सोडतं तेव्हा खाली पडलेला पैसा गिऱ्हाईक उचलत नाही, दुकानदार उचलतो. गर्दी ओसरू दे."

गर्दी ओसरली, तर टायटॅनियमच्या आयातीवरची ड्यूटी आडवी आली. नळी टायटॅनियमची असते म्हणे.

हे सगळं दर शनिवारी, खोक्यावर टेकवून ठेवलेल्या फोनवर, मंदारच्या समोर चालायचं. तिकडे सकाळ. मंदार गॅरेजमध्ये कॉफी घेऊन बसलेला. "मग बाबा, घेऊ का या वीकेंडला?" असं तो विचारायचा आणि काकांचं प्रवचन सुरू व्हायचं. मधेच तो त्यांना बीपीच्या गोळ्यांचं विचारायचा, काका त्याला जेवणाचं विचारायचे, आणि गाडी परत टायटॅनियमवर.

हे बापलेक पूर्वी असे बोलत नसत. सुमनकाकू होत्या तेव्हा फोन त्या करायच्या. पोटभर बोलून झालं की फोन काकांच्या हातात. "बरंय ना?" "हो." "ठेवतो." संपलं. काकू गेल्या आणि फोन सणावारावर आला. तेही तेवढंच बोलणं. असं वर्ष काढल्यावर एक दिवस मंदारने सायलेन्सरचं विचारलं होतं.

मागच्या महिन्यात काका चहा ठेवायला आत गेले, तेव्हा फोनवर मंदार आणि मीच होतो. मी सहज म्हटलं, "अरे, घेऊन टाक बाबा एकदाचा. मलासुद्धा आता टायटॅनियमची स्वप्नं पडतात."

तो हळूच म्हणाला, "काका, मी घेतला. कधीच. परवानगीपण आली. पण प्लीज, बाबांना सांगू नका."

"का रे?"

"मग मी त्यांना काय विचारू? आई असताना मला कधी काही विचारावंच लागलं नाही."

तेवढ्यात काका ट्रे घेऊन आले. मंदार लगेच म्हणाला, "सो बाबा, टायटॅनियमचं काय झालं?"

त्या दिवशी मला चहा गोड लागेना. काकांना फसवण्यात आपणही सामील, असं वाटायला लागलं. फोन बंद झाल्यावर मी गोल गोल बोलू लागलो. "काका, समजा, मंदारने तुम्हाला न सांगता घेऊन टाकला तर?"

काका टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत होते. म्हणाले, "समजा कशाला? घेतलाय त्याने."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्याच्या मागच्या फळीवर बंदुकीची पेटी असते ना, ती बदललीय. पहिली आखूड होती, ही लांब आहे. नळी बसवल्यावर बंदूक पहिल्या पेटीत मावेल का? अरे, पेटी न उघडता आत काय आहे ते ओळखण्यात जन्म गेला माझा."

"मग त्याला बोलत का नाही?"

"बोललो की खलास," काका म्हणाले. मग खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ही म्हणायची, उघडा हो ते मशीन, मला वापरू दे. मी म्हणायचो, थांब, जुनं चालतंय. तिला फार थांबवलं मी, नको तिथे. आता थांबून काही मिळतंय, तर मिळू दे."

मला खूप वाईट वाटलं आणि तितकंच बरंही वाटलं. मंदारचं गुपित माझ्या पोटात होतंच, आता काकांचंही आलं. दोन्ही ठेवून घेतली.

परवाच्या शनिवारी पुन्हा गेलो. फोन खोक्याला टेकलेला, मंदारच्या मागे लांब पेटी स्वच्छ दिसत होती. काकांनी मान जरा तिरकी केली, म्हणजे नजर तिकडे जायला नको.

"मग बाबा, घेऊ का आता?"

काकांनी चष्मा पुसला. "घाई करू नकोस. कोर्टात केस चाललीय म्हणे, परवानगीचे कागदसुद्धा जातील. नियम बदलतोय."

"ओके," मंदार म्हणाला. "मग पुढच्या शनिवारी विचारतो."

"विचार," काका म्हणाले. "नक्की विचार."