झाकण पूर्ण बंद झालं पाहिजे

एक पाय. मी फक्त एकच पाय आत घालणार होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत ही हकीकत आता ज्या पद्धतीने सांगतात, तिच्यात मी डब्यात सूर मारलेला असतो.

मी मुळातच भित्रा. त्यात नोकरी विमा कंपनीत. दिवसभर लोकांचे अपघात वाचायचे आणि ते त्यांच्याच चुकीने कसे झाले हे शोधून काढायचं. कोणी स्टुलावरून पडलेला, कोणी साबणावरून घसरलेला, एक जण तर स्वतःच्याच गाडीखाली आलेला. ही असली प्रकरणं वाचून वाचून मी स्टुलावर चढत नाही, आंघोळ बसून करतो आणि गाडी घेतलेली नाही. बायको म्हणते, "तुम्हाला फक्त झोपेत भीती वाटत नाही." (चूक. झोपेतही वाटते.)

अशा माणसाच्या आयुष्यात नगरपालिकेने नवी कचरा योजना आणली. पूर्वी कसं, रोज सकाळी पिशवी बाहेर ठेवली की विषय संपायचा. आता प्रत्येक घराला चाकांचे दोन उंच डबे. हिरव्या झाकणाच्या डब्यात कागद, बाटल्या, पत्रा. करड्या झाकणाच्या डब्यात बाकी सगळं. एका आठवड्यात हिरवा नेणार, पुढच्या आठवड्यात करडा. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून सगळ्यांचे डबे कोपऱ्यावरच्या भिंतीला लावून ठेवायचे. आणि मुख्य नियम असा, की झाकण पूर्ण बंद झालं पाहिजे. बोटभर फट राहिली तरी डबा उचलत नाहीत. आत भलतंसलतं सापडलं तर लाल स्टिकर लावतात.

मला त्या लाल स्टिकरची धास्ती होती. पण त्याहून जास्त धास्ती होती शेजारच्या बाईंची.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला कधीच शिकवलेलं नाही, तरी त्या समोरून आल्या की माझे हात आपोआप मागे जातात. नवी योजना आल्यापासून त्या रोज संध्याकाळी छत्री घेऊन डब्यांच्या रांगेपुढून फिरायच्या आणि छत्रीच्या टोकाने एकेक झाकण उचलून बघायच्या. परवा आमच्या हिरव्या डब्यात त्यांना चहाचा चोथा सापडला. त्या बोलल्या काहीच नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघून "हं" म्हणाल्या. मी रात्री जेवलो नाही.

तर शनिवारची सकाळ. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला गेली होती. जाताना म्हणाली, "अहो, करड्या डब्याचं झाकण लागत नाहीये. तेवढं बघा. उद्या गाडी आहे."

मी कोपऱ्यावर गेलो. भिंतीला लागून करड्या झाकणांची रांगच्या रांग उभी होती आणि त्यातल्या एका झाकणाखाली चांगली फट दिसताच मी तिथेच थांबलो. हाताने दाबलं, लागेना. कोपराने दाबलं, लागेना. आतल्या काळ्या पिशव्या उशीसारख्या फुगून पुन्हा वर यायच्या. मग मनात आलं, एक पाय घालून जरा चेपू या.

रिकामी बादली आणली, पालथी घातली, तिच्यावर चढलो (स्टुलावर न चढणारा मी!) आणि उजवा पाय आत सोडला. पिशव्या मस्त दबल्या. इतक्या मस्त की बादली कलंडली आणि डावा पाय उजव्याच्या मागोमाग आला. दोन पिशव्या फुटल्याचा आवाज झाला आणि मी खाली गेलो, गुडघे छातीला आणि पोट चारही बाजूंना टेकेपर्यंत. हिसक्याने डबा भिंतीपासून सुटला आणि मागे टेकलेलं झाकण पुढे येऊन माझ्या डोक्यावर पडलं.

धप्.

झाकण पूर्ण बंद झालं होतं. नियमाप्रमाणे.

आत अंधार होता, आणि वास असा की त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. उठायला गेलो तर पोट हलेना. डोक्याने झाकण ढकललं, ते जरा उचललं गेलं आणि परत टाळक्यात बसलं. माझी पाचावर धारण बसली. ऑफिसात माझी फाइल कोणाच्या टेबलावर येईल तेही दिसलं मला. 'स्वतःचा निष्काळजीपणा. दावा नामंजूर.' मीसुद्धा हेच लिहिलं असतं.

नशिबाने मोबाईल शर्टच्या खिशात होता. कसाबसा कानाशी नेला.

"अगं, मी डब्यात आहे!"

"काय? मशीन चालू आहे इथे. मोठ्याने बोला."

"डब्यात! डब्यात अडकलोय!"

"डब्यात? कुठे निघालात मला न सांगता?"

"निघालो नाही गं, बसलोय! हलता येत नाही!"

"मग गर्दी असणारच, सुट्टी आहे ना! पण जाताय कुठे?"

"कचऱ्यात! कचऱ्याच्या डब्यात आहे मी! आपल्या करड्या!"

पलीकडे मशीन बंद झालं. कोणा पेशंटचं "आँ?" ऐकू आलं.

"थांबा," बायको हळू आवाजात म्हणाली, "मी बाईंना फोन करते."

"बाईंना नको!" मी असा दचकलो की मोबाईल हातातून निसटला आणि पिशव्यांच्या फटीतून खोल कुठेतरी गेला. तिथून थोडा वेळ "हॅलो, हॅलो" येत राहिलं, मग तेही थांबलं.

एवढ्यात बाहेर पावलं वाजली. मी "वाचवा" म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात छत्रीचं टोक जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. टक्. टक्.

उघडलेलं तोंड मी मिटलं.

कोणीही विचारेल, समोर सुटका उभी असताना गप्प का बसलात? ज्याने बाईंचं "हं" ऐकलंय तो विचारणार नाही. त्यांनी झाकण उचललं असतं, चष्मा सावरला असता, आणि मी आतून काय सांगणार होतो? मी श्वास रोखून बसलो. पण धडधडीने झाकण थरथरत असावं, कारण बाई "लागत नाही वाटतं नीट" असं पुटपुटल्या, वरून जोरात दाब आला आणि मग काहीतरी जड झाकणावर ठेवल्याचा आवाज झाला. वीट होती ती. टक् टक् करत बाई निघून गेल्या.

आता मात्र मी ओरडलो. अगदी जीव तोडून ओरडलो. पण तेव्हाच रस्त्यावरून घरघर ऐकू आली. मोठी, जड, दात खाल्ल्यासारखी. कचऱ्याची गाडी! उद्याची गाडी आज! (सणासुदीच्या सुट्टीमुळे वार एक दिवस अलीकडे आणल्याचं त्यांनी भोंग्यावरून सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा बसून आंघोळ करत होतो.)

रांगेतला आधीचा डबा उचलला गेला. मग वरती धडाड आवाज, पाठोपाठ काहीतरी चिरडल्याची करकर. मी आईला हाक मारली. देवाला मारली. बाईंनाही मारली. त्या घरघरीत मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. कोणीतरी वीट काढली. दोन लोखंडी पंजांनी डबा दोन्ही बाजूंनी धरला आणि मी वर जाऊ लागलो.

त्या क्षणी मी घाबरलो होतो असं म्हणणंही कमी आहे. बायको कशी राहील, हा विचार आला. डबा कलंडला. झाकण उघडून लोंबलं आणि माझ्या डोक्याखाली गाडीचं ते काळंकुट्ट पोट दिसलं. आत एक भला मोठा लोखंडी पाट सावकाश पुढे सरकत होता. माझ्या बाजूने दोन पिशव्या सुटून खाली गेल्या आणि पाटाखाली त्यांचा कागद झाला. मीही जायचा, पण पोट डब्यात इतकं घट्ट बसलं होतं की मी उलटा लोंबत तसाच राहिलो. ज्या पोटावरून बायकोने मला वर्षानुवर्षं बोलून घेतलं, त्याने मला धरून ठेवलं. गाडीने डबा झटकला, एकदा, पुन्हा एकदा, बाटलीच्या तळाची चटणी काढतात तसा. तेव्हा माझा एक हात बाहेर आला आणि हलू लागला.

"माणूस! अरे, आत माणूस आहे! बंद कर!" मदतनीस किंचाळला.

सगळं थांबलं. डबा हळूहळू खाली आला. दोघांनी तो आडवा केला आणि काखेत हात घालून मला ओढून काढलं. मी रस्त्यावर बसलो. माझ्या शेजारी ड्रायव्हर येऊन बसला.

"काका," तो म्हणाला, "अजून एकदा झटकलं असतं ना..." आणि तो रडायलाच लागला. मग मीही रडलो. मदतनिसाने आम्हा दोघांना एकाच बाटलीतलं पाणी पाजलं.

जरा सावरल्यावर मदतनीस अवघडून म्हणाला, "काका, राग मानू नका. गाडीवर कॅमेरा आहे. चुकीचा माल निघाला की स्टिकर लावावाच लागतो." मग ड्रायव्हरकडे वळून, "कारण काय लिहू? माणूस?"

"माणसाचा प्रकारच नाही त्यात," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला. "जवळचं काहीतरी लिही."

मदतनिसाने विचार केला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, लिहिलं आणि डब्यावर स्टिकर चिकटवला. गाडी निघून गेली.

तेवढ्यात बाई जवळजवळ धावतच आल्या. हातात फोन. "तुमच्या बायकोचा फोन आहे! तुम्ही डब्यात आहात म्हणते! कोणत्या..." आणि त्या थबकल्या. मी आडव्या डब्याला टेकून बसलो होतो. केसांत अंड्याचं टरफल होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या डब्याकडे. त्याचं झाकण चांगलं वीतभर उघडं होतं आणि पिशव्या बाहेर लोंबत होत्या. गाडीने तो उचललाच नव्हता.

"तो तुमचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा माझा."

मी बसल्या जागी हात मागे घेतले.

बाईंनी चष्मा सावरला आणि त्यांच्या आयुष्यातला पहिला लाल स्टिकर वाकून वाचला. "जुने, अवजड, निरुपयोगी सामान." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अक्षर वाईट आहे," त्या म्हणाल्या, "पण उत्तर बरोबर आहे."