जावयाला जर्मन लागलं!

"मंगलाला आज घेऊनच येतो! तीन शब्द पुरे!" प्रकाशा गावच्या चौकात असं जाहीर करून पितांबर छाती काढून बैलगाडीत बसला.

बायको माहेरी, कळसाडीला, रुसून बसली होती. तिचा निरोप होता, "मी निंघनी तवय तुमना तोंडमाईन एक शबद निंघना नही. शबद सापडना का मंग या!" आता वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी गोड बोलायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? आणि सासुरवाडीत एकांत औषधालाही मिळायचा नाही!

गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या आधीची. नंदुरबारच्या जिनिंगमध्ये इंजिन बसवायला एक जर्मन फिटरसाहेब आला होता. कापसाच्या गाड्या उतरवताना पितांबरची त्याच्याशी गट्टी जमली आणि मोडक्या हिंदुस्थानीत साहेबाने जर्मन शब्दांचा खजिनाच उघडला! कुणाच्या ओढीने जीव तुटतो, ती 'झेनझुख्त'. सुख यायच्या आधीच होणारा आनंद, तो 'फोरफ्रॉइड'. दुसऱ्याची फजिती पाहून होतात त्या गुदगुल्या, 'शाडनफ्रॉइड'! पितांबर हरखून गेला. हे सगळं त्याला लहानपणापासून होत होतं, आणि त्याला चक्क नावं होती!

जर्मनमध्ये बोललं की सासऱ्याला कळणार नाही, लाज राहील! वाटभर तो बैलांनाही "फोरफ्रॉइड!" म्हणून हाकत होता. मंगलाला तरी जर्मन कुठे येतं, हा विचार काही त्याच्या डोक्यात शिरला नाही.

कळसाडीला ओट्यावर सासरे चुनीलाल सुपारी कातरत होते, शेजारी मेहुणा होता, दाराआड मंगला. पितांबरने दाराकडे तोंड केलं आणि जीव ओतून म्हटलं, "झेनझुख्त!"

चुनीलालांचा अडकित्ता थांबला. "काय व्हयनं जवाईबुवा?"

"झेनझुख्त! लई झेनझुख्त!"

"ओ माय वं! जवाईले वाटमा भूतनं वारं लागनं!" सासूबाई शांतीबाई किंचाळल्या. मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर पडल्या. असा खकाणा उठला की शेजारची म्हैसही शिंकली! पितांबर खोकून खोकून बेजार, आणि मेहुणा पोट धरून हसतोय! त्याच्याकडे बोट दाखवून पितांबर ओरडला, "शाडनफ्रॉइड! शाडनफ्रॉइड!"

"अरे, दोन-दोन भुतं लागेल शेतस! झाडू आना!" चुनीलाल ओरडले.

निम्मं कळसाडी अंगणात लोटलं. झाडू डोक्यावर आला तसा पितांबरचा धीर सुटला.

"थांबा! वारं नही! सायेबनी शिकाडेल बोली शे! मंगलाबिगर घर खावाले उठस! घास उतरत नही! मन्हा जीव तिनामा शे!"

दाराआड बायकांत अशी खसखस पिकली की पितांबर कानापर्यंत लाल! मंगला बोचकं घेऊन बाहेर आली. डोळे ओले, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. कुणाकडेही न बघता ती थेट गाडीत जाऊन बसली. पितांबरला तर वाटलं, आता गाडी उडणार!

तेवढ्यात चुनीलाल गाडीपाशी आले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "जवाईबुवा, पोर चालनी म्हनीसन रडू येस, आनि जवाई चालना म्हनीसन हायसं वाटस. दोन्ही संगेच! तुमना सायेब त्याले काय म्हनस?"

पितांबरने घाईघाईने बैल हाकले.