मागच्या तारेतला करंट

खुशालराव मासे चोरताना सापडले, तर डोमाजीला दोन गोष्टींचा फायदा होता. धरणातले मासे कुठं गेले या प्रश्नाला उत्तर मिळणार होतं. आणि ते उत्तर डोमाजी नसणार होतं.

डोमाजी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. वर्षभर जाळी हलकीच वर येत होती. वार्षिक सभेत खुर्ची जाणार हे ओळखून तो सभा अशा दिवशी बोलवायचा, की अर्धे सभासद सोयाबीन काढायला नाहीतर दर्यापूरला लग्नाला गेलेले असायचे. माणसं कमी, सभा रद्द. असे दहा महिने निघाले होते.

आणि आता हे खुशालराव. जन्मभर लाइनमन, रिटायर झाल्यावर कुठून तरी जुनी शिडाची नाव आणून आठ दिवस काठावर तिला तारा लावत बसलेले. डोलकाठीच्या शेंड्यावरून मागं एक तार यायची, अर्ध्यावर तिचे दोन फाटे, आणि ते नावेच्या मागच्या दोन कोपऱ्यांत. फाट्यांवर पांढऱ्या कप्प्या. रानडुकरांसाठी शेताला झटक्याची तार लावतात, तिच्यावर असंच पांढरं काहीतरी असतं, हे डोमाजीच्या लगेच ध्यानात आलं.

"काय हो हे, खुशालराव?"

"ही दोरी ओढली का कप्प्या खाली येतात, दोन्ही फाटे जवळ येतात. तार ताणते, डोलकाठी मांगं वाकते."

"चांगली उभी काठी वाकवून काय भेटते?"

"वारा वाढला का शीड चपटं होते. नाव कलंडत नाई."

"वारा वाढला का माणूस घरी जाते, खुशालराव."

लाइनमन, तार, पाणी. पाण्यात करंट सोडायचा, मासे उताणे, पिशवी भरायची. डोमाजीचा हिशेब पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बाकीचे सोळाही सभासद धरणावर जमवले. सभेला न येणारी माणसं चोर बघायला जेवण टाकून आली. त्यानं पंचनाम्याच्या कागदावर आधीच सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पहिली स्वतःची केली, आणि गमबूट, रबरी हातमोजे चढवून तो नावेत चढला; खुशालरावांनी ती त्याच सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उतरवली होती.

तारेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"बटन बंद ठेवलं," तो काठाकडे बघून म्हणाला.

"डोमाजीभाऊ, दोरीले हात नोका लावू," नावेला धरून पाण्यात उभे असलेले खुशालराव म्हणाले. "डाव्या फाट्याची पिन पक्की केली नाई अजून. बाजूच्या ताराई ढिल्या हाय."

ज्या दोरीला हात लावू नका म्हणतात, बटन तीच. डोमाजीनं सगळं वजन टाकून ती ओढली.

पिन उडाली. डावा फाटा सटकला. वाकलेली डोलकाठी ताठ झाली आणि शांतपणे पुढं झुकू लागली.

"तार धरा! धरा ते!" खुशालराव डोमाजीवर ओरडले.

"मी काहून धरू? करंट हाय!"

डोलकाठी पाण्यात गेली, नाव कलंडली, डोमाजी चिखलात उभा. गमबूट रुतलेले. खुशालरावांनी तारेचं टोक पुढं केलं, "धरा, ओढून घेतो."

"तार नोको. हात द्या."

काठावर माणिकबाई, सोसायटीतली सगळ्यात जुनी सभासद, कागद न्याहाळत होती. "सतराच्या सतरा हाय आज. सह्याई हाय."

"त्या पंचनाम्याच्या हाय, बाई," डोमाजी पाण्यातून म्हणाला.

"वरची ओळ खोडली. वार्षिक सभा. डोमाजीच्या जागी मी अध्यक्ष. ज्याले पटते त्यानं हात वर करा."

काठावर सोळा हात वर झाले. पाण्यात एक हात आधीपासूनच वर होता. तो खाली घेतला तर बाहेर कोण काढणार, म्हणून डोमाजीनं तो तसाच ठेवला.

खुशालरावांची एक पिन गेली. डोमाजीचे दोन गमबूट, एक टेस्टर आणि खुर्ची गेली. ठराव सतरा मतांनी मंजूर झाला. विरोधात कोणी नव्हतं.