सांगण्याजोगा आजार

माणसाला कुठला आजार व्हावा हे त्याच्या हातात नसतं, पण झालेल्यांपैकी कुठला सांगावा हे पूर्णपणे त्याच्या हातात असतं, आणि समाजाचं स्वास्थ्य बहुतांशी या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे. याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी ते सर्वांना पाठ असतात. हृदयविकार हा पहिल्या प्रतीचा आजार. तो झालेल्या माणसाकडे लोक आदराने पाहतात, कारण त्याला हृदय असल्याचं अधिकृतपणे सिद्ध होतं (कित्येक वरिष्ठांच्या बाबतीत दुसरा पुरावा उपलब्ध नाही). त्याखालोखाल मूतखडा, मणक्याचं दुखणं आणि मोतीबिंदू हे घरंदाज आजार येतात. मूळव्याध शहरात आजवर कुणालाही झालेली नाही. औषधाच्या दुकानांतून तिचं मलम मात्र वरचेवर संपतं. आणि या सगळ्यांच्या खाली लठ्ठपणा येतो. तो आजार नसून गुन्हा आहे असं सर्वसाधारण मत आहे, आणि गुन्ह्यावर कुणी शस्त्रक्रिया करून घेत नाही. त्याची शिक्षा भोगायची असते.

आवक-जावक विभागातल्या मोठ्या बाईंनी ती शस्त्रक्रिया करून घेतली.

('मोठ्या' हे बिरुद त्यांना हुद्द्यामुळे मिळालेलं नव्हतं. विभागात बाई दोन होत्या, आणि टपाल कुणाच्या टेबलावर टाकायचं हे चटकन कळावं म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांनी निव्वळ प्रशासकीय सोयीसाठी ते नाव पाडलं होतं. दुसऱ्या बाईंना कुणी लहान बाई म्हणत नसे. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत.)

बाईंची साखर इतकी वाढली होती की चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यातला बराच मोठा भाग पेनाने खोडला आणि म्हणाले, "एवढं काढून टाकू. नाहीतर पुढे पाय काढावा लागेल, आणि त्याच्या पुढचं मी बोलत नाही." बाईंना जगायचं होतं. मुलगी अजून कॉलेजात होती, आणि ती नसती तरी बाईंना जगायचंच होतं. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय पंधरा मिनिटांत झाला. लोकांना काय सांगायचं, या विषयावर मात्र घरात आठवडाभर बैठका चालल्या.

बाईंचे यजमान शाळेत भूमिती शिकवत. कुठलीही गोष्ट पायरीपायरीने सोडवायची त्यांना सवय होती. त्यांनी प्रथम हर्निया सुचवला.

"बाबा, हर्निया तुमच्यासाठी राहू दे," मुलगी म्हणाली. "आणि खरं तेच सांगितलं तर काय होईल?"

आईबापांनी तिच्याकडे दयेने पाहिलं.

"आत्याला?" आई म्हणाली, आणि तो ठराव तिथेच बारगळला.

आत्या म्हणजे बाईंची नणंद. लग्न झाल्यापासून तिने वहिनीच्या वजनाची जबाबदारी कुणी न सांगता अंगावर घेतली होती. दर भेटीत एक नवा उपाय, दर वाढदिवसाला दोन मापं लहान कपडे ("प्रोत्साहन म्हणून गं"), आणि जेवताना वहिनीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की भावाकडे टाकलेला एक सुस्कारा. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. जे काही होतं ते ती लगेच बोलून टाकायची, त्यामुळे मनात उरत नसे.

शेवटी पित्ताशयातले खडे एकमताने मंजूर झाले. खडे सभ्य असतात, पोटावरच्या टाक्यांचा त्यांनी परस्पर खुलासा होतो, आणि ते होण्यात माणसाचा दोष धरला जात नाही. एकच गोष्ट ध्यानात राहिली नव्हती. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ते खडे बघायचे असतात. तेव्हा यजमानांनी गॅलरीतल्या कुंडीतून तीन खडे निवडले, धुतले आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून दिवाणखान्यात ठेवले. कार्यालयातल्या लेखापालांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि आपल्या मेव्हण्याचे याहून मोठे होते असं सांगून ते समाधानाने घरी गेले.

इथवर सगळं ठीक होतं. पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि यशस्वी झाल्यामुळे बाई वाळू लागल्या.

रजा संपवून त्या कामावर आल्या तेव्हा त्यांच्या डब्यात चार चमचे काहीतरी पातळ असे, आणि तेही संपत नसे. कपडे खांद्यावरून ओघळत. डोक्यावरचे केस विरळ झाले. दर महिन्याला त्या आणखी थोड्या कमी होऊन येत. पित्ताशयातल्या खड्यांनी माणूस इतका उतरत नाही हे कार्यालयात सर्वांना ठाऊक होतं (सात जणांचे मेव्हणे त्यातून गेलेले होते). मग उरला एकच आजार. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. नाव न घेता भुवया उचलून दाखवता येणं हीच त्या आजाराची मोठी सोय आहे. बाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि ज्याअर्थी कुणी विचारत नाही त्याअर्थी ते खरंच असणार, अशी सर्वांची खात्री पटली.

त्यानंतर बाईंच्या आयुष्यात जे दिवस आले ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. पूर्वी त्यांच्या डब्यामागे सरासरी चार सल्ले येत. ते बंद झाले. खुर्ची करकरली की होणारा खोकला थांबला. पंखा त्यांच्याकडे वळवण्यात आला. पूर्वी अधीक्षक त्यांना मुद्दाम तिसऱ्या मजल्यावरून गठ्ठे आणायला पाठवत, "तेवढाच व्यायाम" म्हणून. आता ते स्वतः म्हणू लागले, "बसा हो बाई, कशाला जिन्याचा त्रास?" वास्तविक बाईंना आता जिना एका दमात चढता येऊ लागला होता, आणि त्याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की कुणी नसलं की त्या उगाच वरखाली करत. पाऊल वाजलं की थांबून कठड्याला धरत आणि धापा टाकत. मरणाऱ्या माणसाने जिन्यावरून धावणं बरं दिसत नाही, एवढा पोच त्यांना होता.

याच सुमारास सगळं सांगून टाकायचं असं त्यांनी नक्की ठरवलं. रविवारी नणंद येणार होती. पहिल्यांदा तिलाच सांगायचं, म्हणजे बाकीच्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

नणंद आली ती चपला न काढताच बाईंजवळ येऊन बसली. तिने वहिनीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ ती नुसतीच रडली.

"वहिनी, मी तुला फार टोचून बोलले गं. इतकी वर्षं. तू एका शब्दाने उलटून बोलली नाहीस. मला माफ कर."

 बाईंची माफी आजवर कुणी मागितलेली नव्हती. बसमध्ये त्यांच्या पायावर पाय देणारेसुद्धा "एवढी जागा लागते तर" असंच म्हणत. ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. (हल्ली त्यांना फार थोडं गिळता येई, पण हे गेलं.) त्या एका माफीसाठी आपण आणखी काही दिवस मरायला तयार आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाजही वाटली. तरी नणंदेच्या हातातला हात त्यांनी काढून घेतला नाही.

अडचण अशी की प्रेम एकदा वाहू लागलं की त्याला कुठेतरी जावं लागतं. नणंदेचं प्रेम वहिनीवरून भावावर गेलं. दादाचं पुढे कसं होणार? तो भूमितीत हुशार, पण त्याला चहा करता येत नाही. नणंदेने शोध घेतला आणि नगर वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई तिच्या नजरेत भरल्या. अविवाहित, मितभाषी आणि उपजत सडपातळ. आजाऱ्याला भेटायला म्हणून एका संध्याकाळी ती त्यांना घेऊन आली.

यजमान चाचणीच्या वह्या तपासत बसले होते. पाहुण्या कोण, कशासाठी, यातलं त्यांना काही कळलं नाही. ग्रंथपाल बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि त्यांची नजर कपाटावर गेली.

"पुस्तकं विषयवार लावलेली नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

"ते तुम्ही नंतर लावा," नणंद म्हणाली. मग ती वहिनीकडे वळली. तिच्या आवाजात खरीच माया होती. "वहिनी, तुझ्या हाताने यांना जरा स्वयंपाकघर दाखवतेस? डबे कुठे, गॅसचं कार्ड कुठे. तुला तेवढंच समाधान."

यजमानांचं लाल पेन एका त्रिकोणावर थबकलं. मुलगी उठून गॅलरीत गेली, आणि तिचे खांदे हलताना दिसले. ते पाहून नणंदेने पुन्हा डोळ्यांना रुमाल लावला.

बाई उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर त्यांचं होतं, डबे त्यांचे होते, आणि तो लाल पेनवाला माणूसही, कसाही असला तरी, त्यांचाच होता.

"वन्सं, मी मरत नाहीये."

"असंच म्हणायचं. धीर सोडू नकोस."

"तसं नव्हे हो. मला काही झालेलं नाही. मी पोट लहान करून घेतलंय. ऑपरेशन करून."

नणंदेने रुमाल खाली घेतला. तिला पहिल्यांदा एकच शब्द सुचला.

"मुद्दाम?"

"हो."

"आणि ते खडे?"

"कुंडीतले."

ग्रंथपाल बाईंनी पर्स उचलली आणि वाचनालयाच्या वेळेचं काहीतरी पुटपुटत त्या निघून गेल्या. नणंद बसून राहिली. आपलं काहीतरी चोरीला गेलंय आणि चोर समोर उभा आहे, असा तिचा चेहरा झाला होता.

"मी तुझी माफी मागितली होती, वहिनी."

"मागितली होती."

"ती धरू नकोस."

अशा रीतीने सदर माफी पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाली. बाईंना ते लागलं. रात्री पाठ फिरवून त्या थोडा वेळ रडल्याही. पण सकाळी उठून चपला घातल्या, तेव्हा दोन्ही पायांना चपला कळल्या.

कार्यालयात बातमी दुपारपर्यंत पोचली. पंखा मूळ जागी नेण्यात आला. अधीक्षक मनापासून दुखावले होते. बाईंच्या शोकसभेसाठी त्यांनी चार वाक्यं आधीच रचून ठेवली होती आणि ती दुसऱ्या कुणाला लागू पडत नव्हती. "आम्ही किती वाईट वाटून घेतलं हो," ते म्हणाले. लेखापालांनी तत्त्वाचा मुद्दा काढला. कष्टाने उतरवलं असतं तर मानलं असतं, हा शॉर्टकट झाला. (शॉर्टकटमध्ये पुढील बाबी येतात: पोट कापून घेणं, महिनाभर चमच्याने पाणी पिणं, एक घास जास्त झाला की न्हाणीघरात ओणवं होणं, फणीत आलेले केस मोजायचे नाहीत असं ठरवणं. या बाबी कष्ट या सदरात बसत नाहीत.) लेखापालांचं चुकत नव्हतं. उपासाने उतरलेलं वजन सर्वांना मान्य असतं, कारण ते बहुधा परत येतं, आणि मग बोलायला पुन्हा विषय मिळतो. परत न येणारं वजन हा चारचौघांच्या हक्कावर घाला आहे.

एक बारीकशी गोष्ट या गडबडीत कुणाच्या ध्यानात आली नाही, म्हणून इथे नमूद करून ठेवतो. बाई खरोखर मरणाच्या वाटेला लागल्या होत्या ते शस्त्रक्रियेच्या आधी. तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावर पाठवत होते.

पुढच्या पंधरवड्यात अधीक्षकांनी जिन्यात गाठून डॉक्टरांचं नाव विचारलं, ओळखीच्या एकासाठी. लेखापालांना ते मेव्हण्यासाठी हवं होतं. विभागातल्या ज्या दुसऱ्या बाईंना नाव होतं, त्यांनीही एका मावसबहिणीकरता विचारून घेतलं. शेवटी नणंदेचा फोन आला. एका मैत्रिणीला फार गरज आहे, म्हणाली, पण तिचं नाव कुठे घेऊ नकोस. बाईंनी प्रत्येकाला पत्ता दिला. "तिथे खडे म्हणून सांगू नका, त्यांना खरं सांगावं लागतं," एवढंच त्या म्हणाल्या.

ज्या वाचकांना इथवर येऊनही बाईंबद्दल विशेष काही वाटलेलं नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. बाई शेवटी मेल्या असत्या तर ते वाटलं असतं, याची प्रस्तुत लेखकाला कल्पना आहे, आणि तशी व्यवस्था करता आली नाही याबद्दल तो दिलगीर आहे. राहता राहिला प्रश्न त्या डॉक्टरांच्या नावाचा. ते कथेत कुठेच कसं आलं नाही, म्हणून मघापासून तुमची जी चुळबुळ चालली आहे, ती अर्थातच ओळखीच्या कुणासाठी तरी असणार.