एका बाजूने आकाशी

गाडी आपणच रंगवायची, असं शालिग्राम सोनुने यांनी एका सकाळी दात घासता घासता ठरवून टाकलं. त्यांचे बहुतेक निर्णय राखुंडी तोंडात असतानाच झालेले होते. (तोंड भरलेलं असलं की कोणाचा सल्ला विचारता येत नाही.) बुलढाण्याचा पेंटर संक्रांतीनंतर बघू म्हणाला होता, आणि शालिग्रामजींना तेवढा दम नव्हता.

ही गाडी म्हणजे साधीसुधी मोटार नव्हती. कापसावरच्या किडीचा अभ्यास करणाऱ्या एका साहेबाची ती दौऱ्याची गाडी. मागे दोन बाक, ते ओढले की पलंग होई. कोपऱ्यात स्टोव्हपुरता ओटा, वर पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. साहेब त्यातच राहायचे आणि त्यांच्या बाईसाहेबही बरोबर असायच्या. शालिग्रामजी साहेबांचे कारकून. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, पाहता पाहता गाडी चालवायला शिकत, गावोगाव हिंडत आणि देऊळघाटला घरी आले की बायकोला सांगत, आज बाईसाहेबांनी शेताच्या बांधावर गाडीतच भजी तळली. कोकिळाबाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऐकून घेत. एकदाच म्हणाल्या होत्या, "मले बी बसायले भेटलं पाह्यजे कधी तं." त्यानंतर परत कधी म्हणाल्या नाहीत, म्हणूनच ते शालिग्रामजींच्या ध्यानात राहिलं.

पुढे साहेब बदलून गेले. गाडी नांदुऱ्याला एका जिनिंगच्या आवारात पडून राहिली आणि तिच्यात कोंबड्या नांदू लागल्या. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली, शालिग्रामजी पेन्शनीत निघाले, आणि भंगारवाल्याच्या आधी त्यांनी गाडी गाठली. राजूरच्या घाटात बैलाला पाजावं तसं तिला पाणी पाजत त्यांनी ती घरापुढे आणून उभी केली. बेत असा, की रंग झाला की कोकिळाबाईंना बसवायचं आणि निघायचं. आधी शेगाव. मग पुढे रस्ता नेईल तिकडे.

खरवडायला त्यांनी स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं. जुन्या रंगाचे पोपडे निघता निघता शालिग्रामजींच्या मिशा तपकिरी झाल्या. मग ओला पॉलिशपेपर घेऊन पत्रा घासायचा आणि दर थोड्या वेळानं हाक मारायची.

"कोकिळे, पाह्य बरं, कसं झालं?"

कोकिळाबाई पदराला हात पुसत येत, पत्र्यावरून तळवा फिरवत आणि म्हणत, "लय गुळगुळीत झालं. आरशावानी."

आरसा सोडा, गाडी अजून खरूज झालेल्या म्हशीसारखी दिसत होती. शेजारचे तुळशीराम तसं बोललेही. पण शालिग्रामजी खुशीत होते. लग्न झाल्यापासून बायकोनं त्यांचं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. (शहाण्या माणसाला तिथंच शंका आली असती.)

नंतर आली लांबी. म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा. खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र मळून तो करायचा. मळण्याचं काम कोकिळाबाईंनी आपण होऊन घेतलं. "तुमाले काय मळता येते? गोळा घट्ट पाह्यजे की नाई?" असं म्हणून त्यांनी एका परातीत लांबी मळली आणि दुसरीत पोळ्यांची कणीक. शालिग्रामजी आले, एक परात उचलून घेऊन गेले, आणि दुपारपर्यंत गाडीचे सगळे खड्डे त्यांनी बोटांनी प्रेमानं लिंपून काढले.

इकडे तव्यावर पहिली पोळी पडली आणि घरातून असा धूर निघाला की तुळशीराम घागर घेऊन धावत आले. पोळी फुगेना, करपेना, नुसती तडतडत तेल सोडू लागली. शालिग्रामजींनी ती हातात घेतली आणि वास घेतला.

"कोकिळे, हे तं लांबी होय."

"मंग तुमी गाडीले काय लावलं?" कोकिळाबाईंनी विचारलं.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडच्या बेबीताईच्या गायीनं दिलं. ती दावं तोडून आली होती आणि डोळे मिटून गाडीचा मागचा दरवाजा चाटत होती. तिचं वासरू मडगार्डाला लागलं होतं.

"सोनुनेजी," बेबीताई कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या गाडीले मीठ बी घातलं का? आमची गाय घरचा कडबा खाऊन नाई राह्यली."

शालिग्रामजींनी दोष आपल्याकडे घेतला. घाईत आपणच परात बदलली, पाहून उचलायला हवी होती, असं ते चारचौघांत म्हणाले. त्या दिवशी कोकिळाबाई जरा जास्तच गप्प होत्या. शालिग्रामजींना वाटलं, कणीक वाया गेली म्हणून.

शेवटी रंगाचा दिवस उजाडला. रंग कोकिळाबाईंनीच सांगितला होता, आकाशी. शालिग्रामजींनी पहाटेच गाडी झाडून-पुसून रस्त्याकडच्या बाजूला ब्रश चालवायला सुरुवात केली. त्याच दिवशी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजाराला निघाल्या. एकेक बंडी डुलत गेली की कापसाचा पुंजका उडून ओल्या रंगावर अलगद येऊन बसे. काढायला जावं तर पाच बोटं उमटत. तुळशीरामांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "आभाळ चांगलं काढलं तुमी. ढग बी भरून आले."

आणि ती एक बाजू होते न होते तोच डबा संपला. शालिग्रामजी सायकल हाणत बुलढाण्याला गेले. दुकानात आकाशी नव्हता. हिरवा होता. परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली, की माणूस एका वेळी गाडीच्या एकाच बाजूला उभा राहू शकतो. दुसऱ्या बाजूचा रंग त्याला दिसणारच कसा? (सरकारी नोकरीत त्यांची बढती का झाली नाही, हे यावरून कळेल.) भिंतीकडची बाजू त्यांनी संध्याकाळपर्यंत हिरवी केली. चांगली पोपटी हिरवी.

आता कोकिळाबाईंना सांगणं आलं. शालिग्रामजींनी सबबी जुळवून ठेवल्या. दुकानदार नालायक आहे. हिरवा डोळ्यांना थंड असतो. साहेबांच्या मुलखात गाड्या अशाच असतात. मग ते त्यांना हाताला धरून भिंतीकडच्या बाजूला घेऊन आले.

"झाली पाह्य रंगवून."

कोकिळाबाई त्या पोपटी पत्र्यासमोर उभ्या राहिल्या. चेहरा हळूहळू उजळला. "अजी," त्या म्हणाल्या, "मी सांगतलं होतं ना, आकाशीच शोभंल म्हणून."

शालिग्रामजींना आधी हायसं वाटलं. बायको थट्टा करते आहे, म्हणजे रागावलेली नाही. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिनं हात पुढे केला आणि नेहमीसारखा तळवा पत्र्यावर ठेवला. रंग ओला होता, उतरत्या उन्हात चकाकत होता, आंधळ्यालाही कळावा इतका. हात हिरवा झाला आणि तो तिनं तसाच पदराला पुसला.

शालिग्रामजी सगळ्या सबबी विसरले. ते मडगार्डावरच बसले. विजारीला रंग लागला, तेही त्यांना कळलं नाही.

"कोकिळे," ते हळूच म्हणाले, "तुले दिसत नाई का व?"

"दिसते की." कोकिळाबाई म्हणाल्या. "उजेड दिसते. माणूस आला-गेला दिसते. तुमी दिसता. जरासे जाडे दिसता. समदं कसं दुधात बुडवल्यावानी."

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून असंल."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? तुमी गाडी आणली. पोरावानी दिवसभर खरवडत बसले. मी डोळ्याचं काढलं असतं तं तुमी गाडी बाजूले ठुली असती." पदराच्या हिरव्या डागाशी त्या चाळा करत राहिल्या. "मले वाटलं, आधी एकदा बसून घेऊ. गाव पाहू थोडे, दिसतीन तसे. मंग सांगू."

पोळीचा धूर, आरशावानी गुळगुळीत पत्रा, गाडी चाटणारी गाय, सगळं शालिग्रामजींना एकदम आठवलं. आपल्याला रंगातलं कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. बायकोतलंही एवढं कमी कळत असेल असं वाटलं नव्हतं.

"चाल," ते उठून म्हणाले. "बस गाडीत."

"रंग वाळू द्या तं."

"वाटंनं वाळंल."

अशी ती गाडी शेगावऐवजी अकोल्याला निघाली. घाट उतरताना धूळ उडाली, ती ओल्या रंगावर बसली, आणि पोपटी बाजूला बाजरीच्या भाकरीचा रंग चढला. दवाखान्याच्या डॉक्टरनं डोळे तपासले. मोतीबिंदू पिकलेला आहे, काढता येईल, म्हणाला. भीती शालिग्रामजींनाच जास्त वाटली. कोकिळाबाई आत गेल्या तेव्हा ते गाडीभोवती इतक्या फेऱ्या मारत होते की चौकीदाराला वाटलं, कोणी नवस फेडतो आहे.

ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून निजून राहायचं होतं. वॉर्डात माणसाला माणूस लागून होता, तेव्हा दोन दिवसांनी डॉक्टरनंच कोकिळाबाईंना आवारात गाडीतल्या पलंगावर निजायला परवानगी दिली. शालिग्रामजी स्टोव्हवर खिचडी करून भरवत. खिचडी खाली लागे. कोकिळाबाई निमूट खात.

पहिल्याच दुपारी त्यांनी पट्टीखालून विचारलं, "आता कुठंशी आलो आपुन?"

गाडी दवाखान्याच्या चिंचेखाली उभी होती. शालिग्रामजींनी खिडकीबाहेर पाहिलं. कपडे वाळत होते.

"शेगाव दिसून राह्यलं," ते म्हणाले. "कळस दिसला पाह्य. गर्दी लय हाये, आपुन गाडी जरा अलीकडंच लावू."

कोकिळाबाईंनी हात जोडले. मग रोज दौरा सुरू झाला. आज पूर्णेचा काठ, उद्या सातपुड्याच्या पायथ्याची गावं, कुठं साहेबाची टोपी वाऱ्यानं उडाली ते रान, कुठं बाईसाहेबांनी भजी तळली तो बांध. शालिग्रामजींनी जन्मभर पाहिलेलं सगळं त्या चिंचेखाली बसून एकेक करून दाखवलं. त्या बांधाच्या दिवशी भजी पण तळली. कच्ची राहिली. "बाईसाहेबाची बी अशीच होत का?" कोकिळाबाईंनी विचारलं. शालिग्रामजी हो म्हणाले.

मग पट्ट्या निघाल्या आणि जाड भिंगांचा चष्मा लागला. कोकिळाबाई दवाखान्याच्या पायरीवर आल्या. आधी त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमी इतके पिकले कवा?"

"असंच," शालिग्रामजी मान खाली घालून म्हणाले. "तू नवती पाह्यत तवा."

कोकिळाबाईंनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. मग त्या गाडीकडे वळल्या. आकाशी बाजू पाहिली. कापूस पाहिला. पाच बोटं पाहिली. पुढून फिरून हिरव्या बाजूला गेल्या. मागच्या दाराशी वाकून, चष्मा सावरून, पत्र्यात गायीच्या तोंडून वाचलेली, रंगाखाली सुकलेली कणीक नखानं टोकरून पाहिली. पुऱ्या गाडीला एक प्रदक्षिणा झाली. शालिग्रामजी कोर्टात निकाल ऐकायला उभे राहतात तसे उभे होते.

"काही म्हण ना," ते शेवटी म्हणाले.

कोकिळाबाई दार उघडून आत चढल्या, पडदा सारखा केला आणि बाकावर ऐसपैस बसल्या.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "वाटंनं दोन-चार ठिकाणी थांबू, चहा करू, सावकाश जाऊ. काही घाई नाई." मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फक्त गावात अंधार पडल्यावर शिरा."